बूस्टरला आलेलं बाळ आणि कानामागची सूज

मी गावच्या आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे. जुलैमधला लसीकरणाचा दिवस, बाहेर धो धो पाऊस, अंगणवाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि एक दीड वर्षाचा मुलगा आई-आजीसोबत बूस्टरला आला. अंग चटका देत होतं, थर्मामीटर लावला तर 102. आजी म्हणाल्या, दाढा येतायत ओ सिस्टर, चार दिवस किरकिर करतोय नुसता. त्याआधी आठवडाभर सर्दी होती, आणि आई म्हणाली रात्री आडवं केलं की जास्त रडतो, खांद्यावर घेतलं की जरा गप होतो.

तिथेच मला कानाची शंका आली. दाढांनी पोर चिडचिडं होतं पण इतका ताप चढत नाही. लहान मुलांची नाकामागून कानात जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, सर्दी लगेच कानात उतरते. कान ओढतो का हे सगळेच विचारतात, पण झोप आली तरी मुलं कान ओढतात, नुसत्या त्यावर जाऊ नये. मी विचारलं कानातून काही आलं का, तर आई हळूच म्हणाली परवा उशीवर पिवळा डाग होता. मग आजींनी लसूण कडकवून तेल सोडलेलं. रागावून काय करणार, घरोघरी हेच करतात, पण कान फुटलेला असताना आत काहीच घालायचं नसतं, स्वच्छ सुती कापडाची वात करून पू टिपायचा फक्त.

मग त्याला आईच्या खांद्यावर पाठमोरा घ्यायला लावलं आणि मागून दोन्ही कान बघितले. डावा कान पुढे ढकलल्यासारखा, मागे लालभडक सूज, बोट टेकवलं तर पोर किंचाळलं. आयएमएनसीआयच्या, म्हणजे आजारी बाळं तपासायच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, कानामागे दुखरी सूज म्हणजे मास्टॉयडायटिस, लगेच रेफर. आजी म्हणत होत्या उद्या बाजाराला जायचंच आहे तेव्हा दाखवू. म्हटलं आजी, कानामागच्या हाडात पू झालाय, तिथून मेंदू लांब नाही, उद्या नको, आत्ता. लस राहू दिली, मेडिकल ऑफिसर सरांना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि पॅरासिटॅमॉल दिलं, 108 बोलावली. गाडी येईपर्यंत माझं लक्ष दुसऱ्या कुठल्याच बाळाकडे नीट लागेना.

हॉस्पिटलमध्ये रात्रीच कानामागे चीर देऊन पू काढला, आठवडाभर सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं. पुढच्या महिन्यात बूस्टरला परत आला तेव्हा आधी मागूनच बघितलं, दोन्ही कान सारखे. ऐकण्याची तपासणी अजून बाकी आहे, तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवलीय.