दुपारची झोप

जूनचा तिसरा आठवडा. मृग सरत आला तरी पावसाचं नाव नाही. दुपारचे दोन, कूलरची घरघर आणि सगळं घर आडवं. अशा वेळी खुंटीवरचं दप्तर नजरेला पडतं. एप्रिलमधल्या शेवटच्या पेपरला टांगलेलं, चेन अर्धी उघडी, वर बोटभर धूळ.

पुण्या-मुंबईकडची पोरं तोवर वर्गात बसलेली असतात. विदर्भाला उन्हापायी उशिराची तारीख मिळते. २०२४ साली तिकडे १५ जून, इकडे १ जुलै. २०२५ला तिकडे १६ जून, इकडे २३. सवलत चांगलीच, पण तिच्यात मेख आहे. शाळेची घंटा आणि पेरणी एकाच सुमारास येतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की सरकी म्हणजे कपाशीचं बी लावायची घाई. मग आईबाप उजाडताच वावरात. दप्तर धुणार कोण? म्हणून शाळेच्या तयारीची कामं कोरड्या दिवसांतच उरकलेली बरी.

त्यात मोठं काम झोपेचं. घरोघरी ओरड रात्रीच सुरू होते, ‘झोप ना रे बाप्पा आता!’ पण बिचारं पोरगं दुपारी तीन तास घोरलेलं असतं, त्याला अकरापर्यंत झोप येणार कुठून? सहा ते बारा वर्षांच्या पोराला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते आणि उन्हाळ्यात त्यातली पाव दुपारीच उरकते. तेव्हा आधी दुपार कापायची. शाळेच्या दहा दिवस आधीपासून जेवणानंतर अर्धाच तास आणि तीननंतर अजिबात नाही. पहिल्या दोन संध्याकाळी पोरगं चिडचिडं होतं, साडेसातला न जेवताच लुढकतं आणि पहाटे चारला भूक लागून उठतं. म्हणून त्या दिवसांत ताट सातलाच वाढायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नऊला डोळे आपोआप मिटतात.

एवढं जमवलं की पाऊस येतो. अंगणातली बाज घरात, लाईट गेलेली, दिवा लावला की पाखरं. सगळी घडी विस्कटते. आधीपासून घरात झोपायची सवय लावा म्हणणं सोपं आहे. मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या स्लॅबखाली झोपून दाखवा. बाज ओसरीत आणायची, एवढंच मधलं काहीतरी सुचतं.

युनिफॉर्मचं गणित मात्र शिंपी न सांगताच करून ठेवतो. या वयात पोर वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं आणि पॅन्टीच्या आतली दुमड असते दोन इंचांची, म्हणजे वर्षभराची तरी सोय. दुमड उसवली की जुन्या शिलाईची रेघ उठते. ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबली की सुयांची भोकं बुजतात. उडालेला रंग मात्र परत येत नाही. बूट घ्यायचे ते संध्याकाळी, पोराला उभं करून, पुढे अंगठाभर जागा सोडून. पांदणीच्या काळ्या चिखलात ते भिजणारच. मग आत रद्दी कोंबायची आणि ती दर दोन-तीन तासांनी बदलायची. चुलीजवळ ठेवले तर तळ सुटतो.

आता दप्तर. चेन अडत असेल तर मेणबत्ती घासावी. दात नीट असूनही ती मागून उघडत असेल तर सरकत्या तुकड्याच्या दोन्ही कडा पकडीने किंचित दाबाव्यात. जोरात दाबलं की तो तिथेच बसला. भरल्या दप्तराचं वजन फार तर पोराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं असावं, म्हणजे पंचवीस किलोच्या पोराला अडीच किलो. त्यात लिटरची भरलेली बाटलीच किलोभर खाते. पाणी कमी द्यावं, तर इकडचं ऊन!

धुण्याआधी दप्तर उलटं करून झटकायचं. खपल्या उडालेलं खोडरबर, पेन्सिलीचं बोटभर थोटूक आणि तळाशी मूठभर चिंचोके. थोटूक फेकलं तरी चालतं. चिंचोके ठेवावेत. त्यांचा हिशेब पोराला पाठ असतो, पाढे नसले तरी.