किटल्यांची नोंद: बीड, पितळ आणि डिचोलीची माती

कोणत्या किटलीत चहा जास्त वेळ गरम राहतो, ते तपासतोय. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, किटली हाती आली तेव्हा आधी हिशेब मांडला. एक किलो बीड ३० अंशांवर, त्यात ९५ अंशांचा अर्धा लिटर चहा. दोघांचं तापमान एक झालं की चहा उतरतो साधारण ८३ वर. ३०० ग्रॅमच्या चिनी मातीच्या किटलीत तोच चहा ८८ च्या आसपास थांबतो. बीड चहा गरम ठेवतं ही ख्याती खरी, पण आधी उकळतं पाणी भरून किटली तापवली तर. आतून मिना (काचेसारखा लेप) चढवलेली असेल तर ती थेट गॅसवर ठेवू नका, मिना तडकतो.

आता पितळ. धातूतून उष्णता भराभर वाहते, म्हणून चहाही लवकर निवणार, असं आपल्यातले बरेचजण धरून चालतात. मला ते पटत नाही. भिंत पितळेची असो वा चिनी मातीची, उष्णतेला खरा अडसर असतो तो बाहेरून चिकटलेल्या हवेच्या थराचा. त्याच्यापुढे चार-पाच मिलिमीटर चिनी मातीचा अडथळा नगण्य. फरक पडतो तो पृष्ठभागाने. चकचकीत धातू उष्णता फार कमी फेकतो, झिलईची चिनी माती भरपूर. चिंचेने घासलेली, आतून कल्हई केलेली पितळी किटली म्हणूनच माझ्या टेबलावर चिनी मातीपेक्षा जास्त वेळ गरम राहते. मूठ मात्र फडक्याशिवाय धरवत नाही.

पंखा लावला की हवेचा तो थर उडतो आणि सगळ्याच किटल्या हरतात. मे महिन्यात पंखा बंद करून थर्मामीटर धरून बसलं की घरचे काय बोलतात, ते इथे लिहीत नाही.

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून डिचोलीच्या मातीचं बिनझिलईचं भांडंही आणलंय. ते पाझरतं. घागरीतलं पाणी ज्या युक्तीने गार होतं, तीच इथे चहाच्या मुळावर येते. पावसाळ्यात दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं, तेव्हा त्याची कामगिरी जरा सुधारावी.

झाकणाबद्दल थोडक्यात: उघड्या तोंडातून वाफेवाटे जाणारी उष्णता एवढी मोठी असते की झाकण सैल असेल तर किटली कशाची आहे ही चर्चाच फुकट.

पुढची फेरी किटलीवर घालायच्या उबदार टोपीची. जुन्या गोधडीच्या तुकड्याची एक शिवतोय, पितळी किटलीच्या मापाची.