डब्लिनची काळी स्टाउट

डब्लिनच्या लिबर्टीज भागात वाऱ्यावर भाजलेल्या धान्याचा वास येतो. त्या वासाचा माग काढतच मी सेंट जेम्सेस गेटला पोचलो. आर्थर गिनेसने १७५९ साली इथली बंद पडलेली ब्रूअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, वर्षाला ४५ पौंड भाड्याने घेतली, तीही ९००० वर्षांच्या करारावर! आता इथे असलेल्या गिनेस स्टोअरहाउस या संग्रहालयाच्या तळमजल्यावर तो करार जमिनीत काचेखाली ठेवलाय आणि सगळी गर्दी त्याच्याभोवती असते. मी मात्र रमलो ते जव भाजण्याची माहिती देणाऱ्या दालनात. गिनेस ही स्टाउट, म्हणजे काळी बिअर, आणि तिचा स्वभाव घडला तो भट्टीवर.

आर्थर आधी एल या प्रकारची बिअर बनवायचा. गडद रंगाची पोर्टर ही लंडनची, तिथल्या हमालांची आवडती बिअर. ती जहाजांनी डब्लिनला यायची आणि भरपूर खपायची. आर्थरने स्वतः पोर्टर बनवून तिच्याशीच टक्कर घेतली आणि १७९९ मध्ये एल पूर्ण बंद करून टाकली. पोर्टरमधली जास्त कडक ती स्टाउट.

१८१७ साली डॅनियल व्हीलरने मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. तोवर गडद रंगासाठी सगळं मॉल्टच तपकिरी होईपर्यंत तापवावं लागे, आणि त्यात बिअरला लागणारी साखर कमी निघे. आता बहुतेक मॉल्ट फिकं ठेवून मूठभर काळं मॉल्ट घातलं की काम भागू लागलं. १८८० मध्ये मॉल्टवरचा कर उठला आणि मोड न आणलेलं जव वापरायची मुभा मिळाली. पुढे गिनेसने तेच भाजून घालायला सुरुवात केली. कॉफीच्या बियांसारखा तो कोरडा, कडवट करपटपणा आज आयरिश स्टाउटची ओळख आहे.

मग फेस. पूर्वी पबमध्ये दोन पिंपं असत, एकात ताजी उसळणारी बिअर, दुसऱ्यात निवलेली. दोन्हींतून ओतून पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास, पुरा करायचा. १९५९ मध्ये मायकेल अॅश या गणितज्ञाने नायट्रोजन वापरून हे काम एकाच नळावर आणलं. नायट्रोजन पाण्यात फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक राहतात, म्हणून फेस दाट होतो आणि टिकतो.

संध्याकाळी पूलबेग स्ट्रीटवरच्या मलिगन्समध्ये गेलो. बारमनने तिरक्या ग्लासात पाऊण भाग ओतला, ग्लास बाजूला ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. या वेळात ग्लासकडे बघत राहावं. काठाशी बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात! मध्यातून वर चढणारे बुडबुडे द्रव सोबत उचलतात, तो कडेने खाली उतरतो आणि काठाजवळच्या बारक्या बुडबुड्यांना ओढून नेतो. भरलेला पाइंट उजेडासमोर धरला तर काळा रंग गर्द माणकासारखा लाल दिसतो. चव कोरडी, शेवटी कडू, आणि अंगाने अपेक्षेपेक्षा फार हलकी. मद्यार्क जेमतेम ४.२ टक्के. रंगावरून हिला जड समजणाऱ्यांनी एकदा इथे बसून प्यावी.

आयर्लंडला जाणार असाल तर कॉर्कसाठीही वेळ ठेवा. त्या शहराच्या स्वतःच्या दोन स्टाउट आहेत, १७९२ पासूनची बीमिश आणि १८५६ ची मर्फीज. मर्फीज जास्त मऊ, कडवटपणा कमी. मला डब्लिनचीच आवडते, पण कॉर्कच्या पबमध्ये मी मर्फीजच मागवीन.