अण्णांचं नाक आणि भरताचा धूर

मागच्या चंपाषष्ठीला अमळनेरहून व्हिडिओ कॉल आला. अंगणात पळकाट्यांचा जाळ, राखेत काळी पडलेली वांगी, शेजारी हिरव्या मिरच्या आणि लसूण. अण्णांनी पहिला घास घेतला आणि माझ्या आठवणीत दरवर्षी म्हणतात तेच म्हणाले, "धूरच लागना नही." मायनं कळण्याची भाकरी त्यांच्या ताटात जरा जोरातच टाकली.

मी इथे म्युनिकजवळच्या एका गावात याच धुरावर काम करतो, हे घरी अजून कोणाला पटत नाही. आत्या दर फोनला विचारते, "तू तठे काय करस रे?" तिच्यासाठीच लिहितोय म्हणा.

लाकूड जळताना त्यातल्या लिग्निनपासून ग्वायाकॉल नावाचं रसायन तयार होतं. भरताच्या धुरकट वासात त्याचा मोठा वाटा. आपल्या नाकात वास ओळखणारे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये त्यांची जनुकं शोधली आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. या ४०० पैकी ओआर१०जी४ हा ग्वायाकॉलला चटकन ओळखतो. तो नाकाबाहेर बनवायचा आणि त्याला धूर कळतो का ते बघायचं, एवढंच माझं काम.

एवढंच म्हटलं खरं, पण पहिल्याच वर्षी मी सपशेल आपटलो. एका कंपनीच्या यादीत या रिसेप्टरचं तयार प्रोटीन दिसलं. गव्हाच्या अंकुराच्या अर्कात बनवलेलं, १० मायक्रोग्रॅम. मी हरखून मागवलं. कोरड्या बर्फात खोका आला, आत करंगळीच्या पेराएवढी नळी, तिच्या तळाशी एक थेंब. किंमत रुपयांत सांगितली असती तर अण्णांनी तेवढ्यात गोऱ्हा आणला असता. त्यात ग्वायाकॉल घालून तीन आठवडे मोजमापं घेतली. काही म्हणता काही नाही. मग कागद नीट वाचला: हा रिसेप्टरचा एक तुकडा होता आणि कामाचा होता तो अँटिबॉडी तपासायला. चूक कंपनीची नव्हती, नाव बघून भुलणाऱ्याची होती.

झालं काय, तर हा रिसेप्टर पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जातो, गोधडीतून दोरा जावा तसा. गोधडी काढून घेतली तर हातात नुसता दोरा येतो. वास पकडायची जागा त्या सात टाक्यांच्या मधे असते, ती कुठून राहणार?

म्हणून पडद्यासकट जिवंत पेशी लागते. १९७३ मध्ये नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशींचा वंश जगभर वापरतात, आम्हीही त्याच वाढवतो, ३७ अंशांवर. पण हे रिसेप्टर परक्या पेशीत भारी हट्टी. आत बनतात आणि आतच अडकून बसतात, पडद्यापर्यंत येतच नाहीत. कितीतरी प्रयोगशाळांनी त्यावर डोकं आपटलं. २००४ मध्ये अमेरिकेत हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटाला आरटीपी१ हे प्रोटीन सापडलं, जे त्यांना हाताला धरून पडद्यावर आणतं. आम्ही ते सोबत घालतो. शिवाय रिसेप्टरच्या टोकाला डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनचा छोटा तुकडा शिवतो. नाकाच्या कामाला डोळ्याचं ठिगळ!

शेवटी काजव्याचं जनुक. रिसेप्टरला ग्वायाकॉल कळलं की पेशीत निरोप जातो, पेशी काजव्याचं एन्झाइम बनवते, त्याचं खाद्य घातलं की ती उजळते. ९६ खळग्यांच्या ताटलीत कुठला खळगा किती उजळला ते यंत्र मोजतं. डोळ्याला यातलं काही दिसत नाही. यंत्राच्या स्क्रीनवर आकडे चढू लागले की मला मात्र आमच्या शेतातली पावसाळ्याच्या तोंडावरची रात्र आठवते.

आता अण्णा. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की कुठलीही दोन माणसं घेतली तर सरासरी ३० टक्क्यांहून जास्त रिसेप्टर त्यांच्यात वेगवेगळ्या ताकदीनं चालतात. त्यातही ओआर१०जी४ चं जनुक कुठल्या रूपात मिळालंय, त्यावर ग्वायाकॉल किती तीव्र जाणवतं हे काही अंशी ठरतं. मी या रूपांच्या ताटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. सारखंच ग्वायाकॉल, एक उजळते, दुसरी जवळजवळ अंधारात. धुरात इतरही रसायनं असतात, त्यामुळे सगळा दोष एका जनुकावर ढकलता येत नाही. पण मायनं इतकी वर्षं ऐकून घेतलेल्या बोलण्यात तिच्या जाळाचा दोष नसेलही.

इथे भरीत करून बघायची सोय नाही. तुर्की दुकानात जांभळी वांगी मिळतात, बिया कडू. आपली हिरवी, पांढऱ्या रेघांची कुठून आणणार?

हे सगळं मी त्या दिवशी कॉलवर सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं, नाक चोळलं आणि आणखी भरीत वाढून घेतलं. मायनं फोन स्वतःकडे वळवला.

"तुन्हा मशीनले इचार," ती म्हणाली, "मंग इतलं खातस कसा?"