आमची वाटचाल: एक ग्रॅमच्या बाटलीपासून ५० मायक्रोग्रॅमच्या कुपीपर्यंत

आम्ही प्रकाश पडला की चमकणारे (फ्लुरोसंट) रंग बनवतो. सुरुवात फ्लुरोसीनने केली. रिसॉर्सिनॉल आणि थॅलिक अनहायड्राइडपासून जर्मन रसायनज्ञ अडॉल्फ फॉन बायरने १८७१ साली बनवलेला हा रंग. कच्चा माल सहज मिळणारा, प्रक्रिया सरळ, माल ग्रॅमच्या बाटलीत जाणारा. ४९० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि ५१५ च्या आसपास हिरवा देतो. पीएच ६.४ च्या खाली गेला की मात्र झपाट्याने मंदावतो. त्यामुळे ‘रंग उडाला’ अशी तक्रार आली की आम्ही आधी बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच विचारतो.

पुढे धातू ओळखणारे प्रोब (धातू भेटला की चमकणारे रंग) घेतले आणि खरी परीक्षा तिथे झाली. तांब्यासाठीचा रोडामाइन बी हायड्राझाइड करायला सोपा: इथेनॉलमधल्या रोडामाइन बीत हायड्राझिन हायड्रेट भरपूर घालून उकळत ठेवायचं. गर्द जांभळट गुलाबी द्रावण फिकट नारिंगी झालं, की रेणूतलं वलय मिटलं. तांब्याचा आयन हे वलय उघडतो, हायड्राझाइड तुटतं, मूळचं रोडामाइन सुटतं आणि चमक परत येते. एकदा उघडलेला रेणू पुन्हा मिटत नाही, म्हणजे हा प्रोब एकदाच वापरायचा.

खोट असते ती उरलेल्या रोडामाइनची. समजा तांबं घातल्यावर चमक शंभरपट वाढायला हवी. मालात एक टक्का जरी जुना रंग राहिला, तरी ब्लँक (तांबं न घातलेलं द्रावण) दुप्पट उजळतो आणि शंभरपटीची निम्मी पन्नासपट होते. टक्का किरकोळ दिसतो, नुकसान किरकोळ नसतं. बरं, हे तपासायला टीएलसी (सिलिकाच्या पातळ थराच्या प्लेटवर घटक वेगळे करण्याची चाचणी) लावावी तर सिलिकाच आम्लधर्मी, आणि आम्लानेही ते वलय उघडतं. शुद्ध मालाचा ठिपकासुद्धा प्लेटवर गुलाबी होतो. चांगली बॅच नापास व्हायची ती यामुळे. आता द्रावकात ट्रायइथिलअमीनचे थेंब टाकतो आणि ब्लँकची चमक फ्लुरोमीटरवर मोजतो.

वापरणाऱ्यांकडे हीच चूक वेगळ्या वेषात येते. धातूंच्या तपासणीचे पाण्याचे नमुने नायट्रिक आम्ल घालून ठेवलेले असतात. तसाच नमुना प्रोबमध्ये ओतला तर तांबं नसतानाही सगळं गुलाबी. आधी पीएच ७ वर आणा, मगच मोजा.

पेशींतल्या कॅल्शियमसाठी फ्लुओ-४ एएम घेतला आणि बाटली सोडून कुपीवर आलो. एएम म्हणजे रंगावर चढवलेलं एस्टरचं आवरण: त्यामुळे रंग पेशीत शिरतो, आत ते तुटतं आणि मगच तो कॅल्शियम धरून चमकतो. या एस्टरला ओल चालत नाही. आर्गॉनखाली भरलेली ५० मायक्रोग्रॅमची कुपी उणे २० अंशांवर ठेवायची आणि खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. थंड काचेवर हवेतलं पाणी लगेच धरतं. ४५ मायक्रोलिटर कोरडं डीएमएसओ (द्रावक) घातलं की साधारण १ मिलिमोलर द्रावण होतं. त्यात तितकंच २० टक्के प्लुरोनिक एफ-१२७ (रंग पाण्यात पसरवणारं साबणासारखं द्रव्य) मिसळून सीरम नसलेल्या बफरमध्ये १ ते ५ मायक्रोमोलरपर्यंत पातळ करा (सीरममधली एस्टरेज विकरं एस्टर पेशीबाहेरच तोडतात). अर्धा तास पेशींवर ठेवा, धुवा, एस्टर पूर्ण तुटायला आणखी अर्धा तास द्या. ३७ अंशांवर रंग पेशीतल्या कप्प्यांत शिरून ठिपके दिसत असतील, तर पेशींत रंग खोलीच्या तापमानाला भरा.

पेशी काळ्या आणि भोवतालचं द्रावण हिरवं दिसलं, तर पेशींना दोष देण्याआधी कुपी तपासा. पेशी नसलेल्या, कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये थोडं द्रावण टाका. शाबूत एस्टर जवळजवळ अंधारातच राहतो. चमकलं तर एस्टर आधीच तुटलेला आहे आणि तो पेशीत शिरणार नाही. दोन मिनिटांचं काम आहे. प्रत्येक बॅच पाठवण्याआधी आम्हीही हेच करतो.

डीसीएफएच-डीए या, ऑक्सिडंटमुळे (ऑक्सिडीकरण करणाऱ्या द्रव्यांमुळे) उजळणाऱ्या रंगाला मागणी कायम असते. तोही ठेवतो, पण त्यावर ‘हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी’ असं लेबल लावत नाही. त्याला उजळवणारे ऑक्सिडंट बरेच आहेत, आणि सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशानेसुद्धा तो उजळतो.