उरलेला संत्रा

आंबिया बहाराचे संत्रे तोडणीला आले की आमच्या मोर्शीकडच्या घरी व्यापाऱ्यानं बाजूला काढलेले चिल्लर संत्रे ओसरीत यायचे अन् आजी वाटणी करायला बसायची. एकदा निघाले 31. आम्ही पोरं सहा, पाच-पाच वाटले, एक उरला. चुलतभाऊ रुसून उठून गेला, मग पाचात सहा-सहा, तरी एक उरलाच. तिघात करा नाहीतर दोघात, तो एक काही जाईना. शेवटी आजी म्हणाली, "हा कोनाचाच नाही, म्हंजे माहा", अन् सोलून खाल्ला पण.

31 ही मूळ संख्या, म्हणजे एकानं नाहीतर स्वतःनंच भाग जाणारी, हे मले सातवीत समजलं. पण खरी मजा पुढं आहे. 31 वेळा दोन मांडा, सगळे एकमेकांशी गुणा, त्यातून एक वजा करा, येते 2147483647, अन् हीसुद्धा मूळच! म्हणजे पहिल्या दिवशी ज्वारीचा एक दाणा, दुसऱ्या दिवशी दोन, मग चार, असं 31 दिवस टाकत गेलं तर एवढे दाणे जमतात. हजार दाणे तीसेक ग्रॅम धरले तर सव्वासहाशे क्विंटलच्या वर. (आता गावात एवढी ज्वारी पेरतं कोण म्हणा, सगळं सोयाबीन.) अन् एवढ्या ढिगाची सारखी वाटणी होत नाही म्हणजे नाहीच, एकट्यानं घरी न्या नाहीतर प्रत्येकाला एकेक दाणा द्या.

हे 1772 मध्ये ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञानं सांगितलं, अन् तेव्हा त्याचे डोळे जवळजवळ गेलेले. हिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे 46340 पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं काम, पण गडी हुशार, त्यानं आधी दाखवलं की हिला भाग जायचाच असेल तर 62 नं भागल्यावर 1 उरणाऱ्या संख्येनंच जाईल. बाकीच्यांच्या वाटेला जाचंच नाही. इथंही उरलेला एकच कामी आला, आजीले सांगायले पाहिजे होतं. नंतर 1811 मध्ये बार्लो नावाच्या इंग्रजानं लिहून ठेवलं की हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येपेक्षा (म्हणजे जिचे स्वतःहून लहान विभाजक मिळवले की तीच येते, जसं 1+2+3=6) मोठी कोणी शोधणार नाही, उपयोग काय तिचा? पण 2024 मध्ये सापडलेल्या अशाच मूळ संख्येत, जिच्यापासूनही परिपूर्ण संख्या बनते, नुसते अंकच चार कोटी दहा लाखांच्या वर आहेत, बसा मोजत.

अन् उपयोगाचं म्हणाल तर जुने 32 बिटवाले, म्हणजे आकडा 32 खान्यांत ठेवणारे कॉम्प्युटर 1970 पासूनचे सेकंद मोजतात, त्यांची मजल बरोबर 2147483647 पर्यंत. 19 जानेवारी 2038, आपल्याकडे सकाळचे 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंद. त्यापुढचा एक सेकंद त्यांच्यात मावतच नाही, घड्याळ उलटं फिरून थेट 1901 च्या डिसेंबरात. मी हे भावाले सांगितलं. तो मोटर चालू करायले निघाला होता, म्हणे, "जानेवारीत आपला आंबिया फुटून राहते. अन् पावणेनऊले लाइन असते का, ते पाय पयले."