गुरुजींनी आणलेली काठी

गणेश चवथ जवळ आली की फोंड्यातल्या आमच्या दवाखान्यात ठरावीक रुग्ण येतात. घराघरांत अंगण साफ होतं, कुंपण छाटलं जातं, आणि त्या पसाऱ्यात कुत्री नको ते तोंडात घालतात. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीच्या सामानातली सुपारी गिळलेलं एक कुत्रं मला अजून आठवतं.

त्या दुपारी एक निवृत्त गुरुजी आणि त्यांचा पुतण्या आपल्या लॅब्रॅडॉरला चादरीत घालून घेऊन आले. ब्रुनो एरवी टेबलावर चढायलाच हजार नाटकं करायचा. त्या दिवशी ठेवला तसा पडून राहिला. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, गाडीत उलट्याही झाल्या होत्या.

मांडीच्या आत बोटं ठेवून नाडी बघितली. चार ठोके, मग काहीच नाही. पुन्हा तीन, पुन्हा खाडा. उलट्यांनी हैराण झालेल्या कुत्र्याची नाडी सहसा पळत असते. ही रेंगाळत होती, मध्येच गळत होती.

"गुरुजी, काय खाल्लं यानं?"

"काही नाही हो डॉक्टर. सकाळपासून नुसती काठी चघळत होता."

चामड्याची हाडं घशात अडकतात असं कुणीतरी सांगितल्यापासून त्यांनी ती बंद केली होती. लाकूड नैसर्गिक, त्यात कसलं रसायन नाही, म्हणून कुंपण छाटताना निघालेली अंगठ्याएवढ्या जाडीची एक फांदी त्याला दिली. पुतण्या हुशार. उरलेला तुकडा त्यानं पिशवीत घालून आणला होता. असं करणारे लोक फार थोडे, आणि मला त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

तुकड्याचं एक टोक पार चोथा झालेलं. दुसऱ्या टोकाला साल शाबूत होती आणि सालीवर गळलेल्या पानांच्या खुणा दिसत होत्या: एकाच पेराभोवती तीन, थोडं वर पुन्हा तीन. पानं अशी तिनाच्या घोळक्यानं येणारं कुंपणातलं झाड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच येतं.

"कुंपणाला कण्हेर आहे?"

"आहे तर! रोज देवाला फुलं तिचीच असतात."

कण्हेरीचं पान, फूल, साल, लाकूड, सगळंच विषारी, आणि वाळलं तरी विष जात नाही. वाळकी पानं चाऱ्यात गेली तर गुरंसुद्धा दगावतात. त्यातलं ओलिअँड्रिन हे विष हृदयावर डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखंच काम करतं. पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडतो आणि ठोक्यांची लय बिघडते. ईसीजीवर तेच दिसलं. वरच्या कप्प्याचा संदेश मध्येच खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नव्हता.

मदतनीसानं सवयीनं आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईनची, बाटली टांगली होती. ती उतरवायला लावली, कारण आरएलमध्ये कॅल्शियम असतं आणि अशा हृदयाला ते नको. साधं सलाईन, ठोके वाढवायला ॲट्रोपिन, आणि उलट्या थांबल्यावर पोटातलं विष शोषायला ॲक्टिव्हेटेड चारकोल. या विषावर उतारा म्हणून डिगॉक्सिनची प्रतिपिंडं असतात, पण महागडी, आणि माझ्या कपाटात नाहीत. मग उरतं ते मॉनिटरसमोर बसून राहणं. संध्याकाळपर्यंत रक्तातलं पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासलं. रात्री उशिरा खाडे विरळ झाले. सकाळी ब्रुनोनं सलाईनची नळीच चघळायला घेतली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

घरी सोडण्याआधी त्याचं तोंड उघडलं तर वरच्या मोठ्या दाढेचा बाहेरचा पापुद्रा उडालेला, मधोमध लालसर ठिपका, म्हणजे आतली नस उघडी. हा घाव जुना. कडक हाडं फोडणाऱ्या कुत्र्यांची नेमकी हीच दाढ जाते. बाजारातून आणलेली नळीची हाडं हेही गुरुजींच्या लेखी नैसर्गिकच होतं. दाढ काढायची तारीख दिली.

"मग चघळायला द्यायचं तरी काय?" गुरुजी जरा वैतागूनच म्हणाले.

आधी झाड ओळखायचं. ओळख पटत नसेल तर ती काठी चुलीतही घालू नये, कुत्र्याच्या तोंडात तर नाहीच. आपल्याकडे पिवळी कण्हेर, काजरा, शेर ही विषारी झाडं तर दारातलीच. काजूच्या सालीचा डिंक आणि बोंडूखालच्या बीच्या टरफलातलं तेल अंगावर फोड आणतं. बांबूच्या उभ्या सुया निघतात. काही काठ्या टाळूला आडव्या, दोन्हीकडच्या दाढांमध्ये पाचर मारल्यासारख्या बसतात आणि कुत्रं पंज्यानं तोंड ओरबाडत येतं. धावत्या कुत्र्यापुढे काठी फेकण्याची तर मला चीडच आहे, ती घशात घुसलेली मी पाहिली आहे.

विकत मिळणारं कॉफीचं लाकूड त्या मानानं बरं. ते लांब ढलप्यांऐवजी बारीक भुग्यानं झिजतं, आणि कॅफिन असतं ते बियांत आणि पानांत. पण नख दाबून खूण उमटत नाही अशी कुठलीही वस्तू दाढेला जडच, आणि ब्रुनो कुरतडत नाही, फोडतो. त्याला मी लाकूड लिहून दिलं नाही. आत खाऊ भरता येतो असं लवचीक रबरी खेळणं, त्याच्या जबड्यापेक्षा मोठं, झिजून गिळण्याएवढं झालं की फेकून द्यायचं.

"आणि कुंपण? घरची मंडळी कण्हेर तोडू देणार नाहीत."

"तोडू नका. ब्रुनो तिथं जाणार नाही अशी जाळी मारा. छाटलेलं मात्र लगेच पुरा. जाळू नका, धुराचाही त्रास होतो."

पुतण्यानं मोबाईलवर लिहून घेतलं. गुरुजींनी त्याला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं.